हवालदाराचा गणवेश आणि बँकेची नोकरी

ताई, नमस्कार.

माझं वय त्रेचाळीस. डोंबिवलीत राहतो, एका सहकारी बँकेत क्लार्क आहे. कॉलेजात एकांकिका केल्या, पुढे राज्य नाट्य स्पर्धा, आणि गेली काही वर्षं रजा टाकून मालिकांमध्ये छोटी कामं करतो. बहुतेक वेळा हवालदार. 'साहेब, बाहेर एक बाई आल्यात' हे वाक्य इतक्यांदा म्हटलंय की मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरलो तरी तेच तोंडात येतं.

मध्यंतरी मुलीबरोबर 'वॉलेस अँड ग्रॉमिट' बघत होतो. वॉलेसचा आवाज डोक्यात बसला. शोधलं तर पीटर सॅलिस हे नाव निघालं. त्या माणसानं काय काय करून ठेवलंय! भुताखेतांचे चित्रपट, संगीत नाटकं, डॉक्टर वॉटसन, यॉर्कशरचा म्हातारा आणि वर हे कार्टून. खरं सांगतो, पोटात दुखलं.

आता एका नव्या रोजच्या मालिकेत नायिकेच्या काकाचं काम आलंय, वर्षभराचा करार. पण बँक सोडावी लागेल. घराचं कर्ज आहे, मुलगी दहावीत, बायको म्हणते थांबा. सोडू का? हवालदाराची कामं नाकारायला लागलो तर काही वेगळं मिळेल का? आणि मी मूळचा मालवणकडचा, बोलण्यात हेल येतो. सेटवर तो काढायला सांगतात. कसा काढू?

– 'साहेब, बाहेर एक बाई आल्यात'

*

नमस्कार,

सही आवडली. उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं सावकाश वाचाल. बँक आत्ता सोडू नका. काकाचं काम घ्यायचं की नाही, ते काका कसा लिहिलाय यावर न ठरवता तारखांवर ठरवा. हवालदार नाकारू नका. आणि हेल काढायच्या भानगडीत पडू नका.

आता सॅलिसकडे येऊ, कारण तुमचं पोट त्याच्यामुळे दुखतंय. कुठल्याही नटाच्या कामांची यादी आपण दहा मिनिटांत वाचून काढतो. त्यातल्या दोन नावांमध्ये किती रिकामे महिने गेले, ते यादीत छापलेलं नसतं. सॅलिसची यादी १९४० च्या दशकात सुरू होते आणि २०१० ला थांबते. एवढ्या काळात कामाचा ढीग दिसणारच. त्रेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे १९६४ साली, तो कुठे होता ते बघा. नाटकवाल्यांना ठाऊक असलेला, दिग्दर्शकांना भरवशाचा वाटणारा, रस्त्यावर मात्र सहसा कुणी न ओळखणारा नट. ज्या भूमिकेनं त्याला घराघरांत नेलं ती मिळाली तेव्हा त्यानं पन्नाशी ओलांडली होती. तुम्ही स्वतःची तुलना त्याच्या नव्वदीतल्या यादीशी करताय.

गंमत म्हणजे तोही बँकवाला. जन्म १ फेब्रुवारी १९२१, लंडनजवळचं ट्विकनहॅम. वडील बँकेत, शाळा संपली तसा मुलगाही बँकेत. महायुद्ध सुरू झालं म्हणून तो हवाई दलात गेला, पण तब्येतीच्या कारणावरून विमानात बसू दिलं नाही. क्रॅनवेलच्या तळावर पोरांना रेडिओचं काम शिकवायला ठेवला. तिथल्याच एका विद्यार्थ्यानं हौशी नाटकात त्याला मुख्य भूमिका दिली, नोएल कॉवर्ड या नाटककाराचं 'हे फीवर'. युद्ध संपलं तेव्हा हिशेबाच्या वह्यांकडे परत जायचं नाही, हे त्याच्या मनात पक्कं झालं होतं.

पण नुसत्या मनावर तो उठून आला नाही. त्याला लंडनच्या राडा या नाट्यशाळेची शिष्यवृत्ती मिळाली. म्हणजे त्याच्यात काही आहे असं तिऱ्हाईत लोकांना वाटलं आणि त्यांनी त्यावर पैसे लावले. वय पंचवीसच्या आसपास, लग्न नाही, डोक्यावर हप्ता नाही. १९४६ ला रंगमंचावर पहिलं व्यावसायिक पाऊल पडलं ते बिनसंवादाच्या भूमिकेत. त्याला 'बाई आल्यात' एवढं म्हणायलाही मिळालं नव्हतं.

त्यामुळे 'सॅलिसनं बँक सोडली, मग मी का नको' हा हिशेब जुळत नाही. तुमच्या परिस्थितीला जवळची बाई दुसरीच आहे, लिझ स्मिथ. तीही ब्रिटिश टीव्हीवरची, तीही १९२१ चीच. नवऱ्यापासून वेगळी झालेली, दोन मुलं एकटीनं वाढवलेली, मिळेल ती नोकरी करून संध्याकाळी नाटकाच्या तालमींना जाणारी. पन्नाशीला टेकली तेव्हा नाताळच्या गर्दीत लंडनच्या हॅम्लीज या खेळण्यांच्या दुकानात विक्रेती म्हणून उभी होती. त्या दिवसांत माइक ली नावाच्या एका तरुण दिग्दर्शकाचा निरोप आला, त्याला एका आईच्या भूमिकेसाठी बाई हवी होती. तो चित्रपट १९७१ चा. साठी ओलांडल्यावर बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला, आणि सत्तरीच्या पुढे 'द रॉयल फॅमिली' या मालिकेतली आजी म्हणून सगळा देश तिला ओळखायला लागला. या बाईनं नोकरी सोडून नाटक धरलं नाही आणि नोकरीपायी नाटकही सोडलं नाही. दोन्ही ओढत राहिली. दमली असणारच.

हे वाचून लगेच हुरळू नका. हॅम्लीजच्या काउंटरवर उभ्या असलेल्या, संध्याकाळी तालमीला जाणाऱ्या आणि ज्यांना कधी कुणाचाच निरोप आला नाही अशाही बायका असतील. त्यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही. म्हणून लिझबाईंकडून नशीब उसनं मागू नका, पद्धत तेवढी घ्या.

आता तुमचा मुख्य प्रश्न: वेगवेगळ्या भूमिका येतात कुठून? तुम्हाला वाटतंय त्या निवडून येतात, नको त्या नाकारल्या की हव्या त्या येतात. ब्रिटनमधल्या त्या पिढीला त्या तशा मिळाल्या नाहीत. तिथं गावोगावी रेपर्टरी कंपन्या होत्या. एक नाट्यगृह, ठरलेली नटमंडळी, आणि दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला नवं नाटक. रात्री ह्या नाटकाचा प्रयोग, सकाळी पुढच्याची तालीम. ह्या आठवड्यात पाद्री, पुढच्या आठवड्यात खुनी, त्यानंतर कुणाचा तरी बहिरा सासरा. नाही म्हणायची सोय नव्हती आणि नाही म्हणायला कुणाला वेळही नव्हता. अशा कारखान्यातून निघालेला नट तिशीपर्यंत डझनावारी माणसं होऊन आलेला असे. वर आकाशवाणीसारखी तिथली बीबीसी रेडिओ नाटकं करत होती, आणि सुरुवातीच्या टीव्हीवर एकेका रात्रीची स्वतंत्र नाटकं होत होती. सॅलिस बीबीसीच्या टीव्हीवर पहिल्यांदा दिसला १९४७ मध्ये, शेक्सपिअरच्या नाटकातला सुतार म्हणून. १९५५ ला ऑर्सन वेल्स या दिग्दर्शकाच्या हाताखाली 'मोबी डिक'. १९५८ मध्ये टीव्हीवर जुना रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस, चक्क मुख्य भूमिका. मग हॅमर कंपनीचे ते रक्ताळलेले भयपट, १९६५ ला ब्रॉडवेवर शेरलॉक होम्सच्या संगीत नाटकात वॉटसन, १९६७ मध्ये 'डॉक्टर हू' ही टीव्हीवरची विज्ञानकथा मालिका, १९६८ मध्ये लंडनच्या 'कॅबरे' या संगीत नाटकात जुडी डेंचबरोबर तो फळविक्या म्हातारा. यातली बरीचशी कामं, मला खात्री आहे, त्यानं फार विचार न करता घेतली असणार. फोन आला, तारीख मोकळी होती.

आपल्या रोजच्या मालिकेत ही सोय नाही. कथानक शेकडो भाग चालतं आणि हवालदार हवालदारच राहतो. त्यात तुमचा दोष नाही आणि कोऑर्डिनेटरचाही फारसा नाही. त्याच्या फोनमध्ये तुमचा फोटो खाकीत आहे. त्याला संध्याकाळपर्यंत चार माणसं पुरवायची असतात. त्यानं तुम्हाला ज्या रूपात पाहिलंय त्याच रूपात तो तुम्हाला विकणार. हवालदार नाकारलात तर तो दुसरा हवालदार शोधेल, तुम्हाला न्यायाधीश करणार नाही. मालिकेबाहेर जाऊन वेगळं काही करा, ते चित्रित करून घ्या आणि त्याला पाठवा. स्पर्धेचं नाटक तुम्ही करताच. यंदा त्यात तुमच्यासारखा नसलेला माणूस मागून घ्या, दुष्ट किंवा श्रीमंत, नाहीतर बेअक्कल. दिग्दर्शक मित्र असेल तर देईल.

हवालदाराबद्दल आणखी एक. पीटर वॉन नावाचा नट होता, रुंद खांदे, दगडासारखा चेहरा. सत्तरच्या दशकातल्या 'पॉरिज' या तुरुंगावरच्या विनोदी मालिकेत त्यानं कैद्यांचा दादा रंगवला. मालिकेच्या मोजक्याच भागांत तो आहे. पण ती मालिका आठवणाऱ्या माणसाला विचारा, तो आधी ह्या दादाचंच नाव काढेल. वॉननं त्यात आरडाओरडा केला नाही. कोठडीत निवांत बसून, हळू आवाजात, अगदी आदबीनं बोलतो, आणि समोरच्याला घाम फुटतो. पुढे त्यानं 'अवर फ्रेंड्स इन द नॉर्थ'मध्ये स्मृती हरवत जाणारा बाप केला, आणि नव्वदीच्या उंबरठ्यावर, स्वतःची नजर अधू झालेली असताना, 'गेम ऑफ थ्रोन्स'मधला आंधळा वृद्ध. मोठी भूमिका मिळेपर्यंत छोटी नीट करायची, एवढंच मी म्हणत नाहीये. छोट्या भूमिकेत जास्त काही करायला जाऊ नका, असंही म्हणतेय. 'बाई आल्यात' म्हणताना भुवया नाचवणारे हवालदार मी पुष्कळ पाहिलेत. संकलक त्यांनाच आधी कापतो.

आता त्या काकाबद्दल. तुम्हाला भीती वाटत असेल की वर्षभर एकच काका केला की त्यातच अडकू. सॅलिसची सगळ्यात प्रसिद्ध भूमिका त्यानं सदतीस वर्षं केली. 'लास्ट ऑफ द समर वाइन', रॉय क्लार्कनं लिहिलेली, यॉर्कशरमधल्या होमफर्थ गावात चित्रित झालेली. तीन रिकामटेकडे म्हातारे डोंगरउतारावर उद्योग करतात, एवढाच जीव. सॅलिसचा क्लेग हा त्यातला भित्रा, तत्त्वज्ञ विधुर. १९७३ ते २०१०, २९५ भाग, आणि प्रत्येक भागात असलेला एकमेव नट तो. जोडीदार बदलले, काही वारले, हा राहिला. मधे तर त्याच पात्रांच्या तरुणपणावर वेगळी मालिका निघाली, तीत यानं क्लेगच्या वडिलांचं काम केलं. म्हणजे स्वतःचाच बाप!

मग त्याच काळात बाकीची कामं झाली कशी? तर ती मालिका रोजची नव्हती. वर्षाला मोजके भाग, त्यांचं चित्रीकरण उरकलं की माणूस मोकळा. क्लेगनं त्याला नाव दिलं, ठरलेलं उत्पन्न दिलं आणि वर्षाचा बराचसा भाग परत दिला. त्या परत मिळालेल्या वेळात 'विंड इन द विलोज'मधला उंदीर झाला आणि वॉलेसही. मी तारखांवर ठरवा म्हणते ते ह्यासाठी. रोजच्या मालिकेत मुख्य घरातल्या माणसांचे महिन्याला वीस-बावीस दिवस सहज जातात. गोरेगाव असो वा मीरा रोड, डोंबिवलीहून जाण्यायेण्यात उरलेला दिवस. त्यातून काही नवं करायला काय उरणार? बरं, करार वर्षाचा असला तरी काका वर्षभर राहील याची हमी कोण देतंय? टीआरपी घसरला की काका गावाला जातात. तीर्थयात्रेलाही जातात. परत येत नाहीत.

तेव्हा निर्मात्याच्या माणसाला तीन गोष्टी विचारा आणि लेखी घ्या: महिन्याला किती दिवस लागणार, बोलावलं नाही तरी किमान किती दिवसांचं मानधन देणार, आणि मधल्या दिवसांत दुसरीकडे काम करायला मोकळीक आहे का. काम महिन्याला आठ-दहा दिवसांचं निघालं तर बँकेत बिनपगारी रजेचं बोलून बघा. शनिवार-रविवार मिळून काही दिवस बसतात का ते पाहा. वीस दिवसांचं निघालं तर नाही म्हणा आणि वाईट वाटून घेऊ नका. असे काका पुन्हा येतात, मराठी मालिकांना काकांची टंचाई कधीच नव्हती. बायकोशी बोलताना कलेवर बोलू नका, आकड्यांवर बोला. पैसे हातात येतात ते कामानंतर तीन-तीन महिन्यांनी, आणि कर्जाचा हप्ता पाच तारखेला. मुलीची दहावी मार्चमध्ये संपते. 'थांबा' म्हणताना त्यांना कदाचित मार्चच म्हणायचंय, जन्मभर नाही. विचारलंत का?

वॉलेसची गोष्ट मुलीला सांगता येईल अशी आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला निक पार्क नावाचा विद्यार्थी बीकन्सफील्डच्या चित्रपटशाळेत मातीच्या बाहुल्यांचा चित्रपट करत होता. एक खटपट्या गृहस्थ, त्याचा कुत्रा, आणि चीज आणायला चंद्रावर जायचं. त्यानं धीर करून सॅलिसला पत्र टाकलं. सॅलिस तेव्हा टीव्हीवरचा घरोघरी माहीत असलेला चेहरा. त्यानं होकार दिला, मोबदला पन्नास पौंड, तेही एका धर्मादाय संस्थेला द्यायचे. आवाज मुद्रित झाला, आणि मग वर्षामागून वर्षं गेली. एका सेकंदाच्या चित्रपटासाठी मातीची बाहुली कितीतरी वेळा हलवावी लागते आणि पार्क जवळपास एकटाच होता. चित्रपट पुरा झाला १९८९ ला. पुढच्या दोन लघुपटांना ऑस्कर मिळालं, २००५ च्या मोठ्या चित्रपटालाही. आणि वॉलेसचं ते कानापर्यंत फाकलेलं तोंड आलं सॅलिसच्या उच्चारावरून. 'चीज' म्हणताना तो स्वर असा ताणायचा की बाहुलीचं तोंड तेवढं रुंद करणं पार्कला भाग पडलं. आवाज देणाऱ्यानं पात्राचा चेहरा घडवला.

ह्यातून 'फुकट कामं करा, फळ मिळेल' असा अर्थ कुणी काढला तर मला राग येतो. सॅलिसला ते परवडत होतं. त्याचं घर क्लेग चालवत होता. तुमचं घर बँक चालवते, म्हणून तुम्हालाही थोडंसं परवडतं. वर्षाला विद्यार्थ्यांचा एखादा लघुपट करा, रविवारी. जेवण आणि प्रवासखर्च मागा, आणि तयार चित्रपटाची प्रत मिळेल हे आधीच वदवून घ्या. पोरं विसरतात.

शेवटी तुमचा हेल. सॅलिस लंडनकडचा. क्लेग यॉर्कशरचा, वॉलेस उत्तर इंग्लंडचा. दोन्ही आयुष्यभर पुरलेल्या भूमिका, आणि दोन्हींत बोली त्याच्या घरची नाही. त्यानं ती कमावली. तुमच्याकडे एक बोली घरातूनच आलेली आहे, आणि ती पुसून टाकायला तुम्ही माझ्याकडे उपाय मागताय! मालिका आता कोल्हापुरी, मालवणी, वऱ्हाडी बोलतात. पुण्यामुंबईचे नट त्या बोलीचं काय करतात ते तुम्ही ऐकलंच असेल. प्रमाण मराठी वेगळी कमवा, मोठ्यानं वर्तमानपत्र वाचून, ध्वनिमुद्रण ऐकून. मालवणी जशी आहे तशी ठेवा. तिच्या जोडीला तिसरी एक शिका. बँकेच्या काउंटरवर रोज सगळ्या महाराष्ट्राची माणसं येतात, फुकटची शिकवणी आहे. आकाशवाणीच्या नाट्यविभागाची स्वरचाचणी कधी असते ते विचारून ठेवा. डबिंग आणि ध्वनिपुस्तकं यांना संध्याकाळी दोन तास देऊन चालतं, आणि तिथे तुमची उंची, पोट, खाकी काहीच दिसत नाही. सॅलिसचे डोळे उतारवयात अधू झाले, तरी तो ऐंशीच्या पलीकडे वॉलेस बोलत राहिला. ९६ व्या वर्षी गेला, नटनट्यांसाठी चालवल्या जाणाऱ्या लंडनच्या डेन्व्हिल हॉल या निवासात. तुमच्या पीएफमध्ये हात घालायचा विचार असेल तर तो सोडा, आपल्यासाठी कुणी असा हॉल राखून ठेवलेला नाही.

काकाचा करारनामा आला की सही करण्याआधी बँकेच्या कर्ज विभागातल्या एखाद्या मुरलेल्या सहकाऱ्याला वाचायला द्या. बारीक अक्षरांत काय दडवलेलं असतं, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही.

– ताई